चार रिकामी भोकं

चामोर्शीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रहीम मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. पुढे कुडाची एक खोली, मागे राहायची एक खोली आणि मधे गोणपाटाचा पडदा, एवढाच पसारा. पण पंचक्रोशीत कोणाचं चाक वाकडं झालं, की माणूस ते खांद्यावर टाकून तिथंच यायचा. रहीम चाक ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा. दिलेलं चाक असं फिरायचं, की लोक उगीच बोट लावून फिरवून बघत. "हात हाय बाप्पा मिस्त्रीचा," असं म्हणून मान डोलवत. आपल्या गावांना एखाद्याची स्तुती करायची सवय लागली, की मग ती तपासून बघायची तसदी कोणी घेत नाही.

हात रहीमचा नव्हताच. तो होता पडद्यामागं बसणाऱ्या शहजादीचा.

शहजादी पिंजाऱ्याची मुलगी. बाप मूलच्या बाजूला गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. घरी पिंजताना त्याच्या कमानीची तात सैल पडली की सात-आठ वर्षांची शहजादी घरातूनच ओरडायची, "अब्बा, उतरली." तात नुसती ऐकून तिला कळायचं. लग्न होऊन चामोर्शीला आली तेव्हा तिनं सायकल जवळून पाहिलीही नव्हती. पहिल्याच वर्षी रहीम एका चाकाशी सकाळपासून झुंजत होता. इकडचा आरा आवळला की तिकडं चाक फेंगडं जायचं. वैतागून तो चाक घेऊन जेवायला आत आला. जेवण होईपर्यंत शहजादी त्या चाकाचे आरे नखानं छेडत बसली होती. एकेक तार वाजवून ती म्हणाली, "हा रडून राह्यला, हा ओरडून राह्यला. दोघाईले सारखं करा." रहीमनं चेष्टेत आरे आवळायची चावी तिच्या हातात दिली. भांडी घासायच्या वेळेपर्यंत चाक सरळ झालं होतं.

त्या दिवसापासून दुपारी दुकान बंद झालं, की चाकं पडद्याआड जायची आणि उन्हं उतरली की बाहेर यायची. हे लपवायचं असं दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा कोणी तारीफ केली तेव्हा रहीम नुसता हसला. दुसऱ्यांदा खरं सांगावं म्हटलं तर पहिल्यांदा का नाही सांगितलं, हा प्रश्न आला. अशा गोष्टी अशाच राहून जातात. शहजादीलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. बाहेर लोक नवऱ्याला वाखाणताहेत आणि आत बसून आपण गालात हसतो आहोत, यात तिला एक गंमतच वाटायची. पोरबाळ झालं नाही. घरात बोलायला दोघंच, आणि गुपित जाणणारीही दोघंच.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर रहीम चार दिवसांच्या हिवतापात गेला. शहजादी इद्दतला बसली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, असा रिवाज. दुकान बंद पडू नये म्हणून धाकटा दीर कय्यूम बल्लारशाहून आला. तो कारखान्यात फिटर होता, हाताला वंगणाची सवय होती आणि मनानं बरा होता. भाभीला जेवणाचं सामान दारात आणून द्यायचा आणि पाठ वळवून उभा राहायचा. पंक्चर, ब्रेक, साखळी हे सगळं त्याला जमे. चाक मात्र जमेना.

लोक चाक घेऊन जात आणि आठ दिवसांत परत आणत. दुकानाच्या फळीवर बसून सुस्कारे टाकत, "रहीममिस्त्री गेला, तो हातई गेला." पडद्यामागं शहजादी तांदळातले खडे निवडत असायची. ती आपल्या हातांकडे बघायची. गेलेला हात तिच्या मांडीवरच्या सुपात होता. पण हे कोणाला सांगणार? जाणणारं एकच माणूस होतं, ते मातीत गेलं. आणि आता सांगितलं, तर ते मेलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढून घेतल्यासारखं झालं असतं. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यात आधीची गंमत उरली नव्हती. एकटेपण म्हणजे काय, ते तिला नवरा गेला त्या दिवसापेक्षा या तारीफा ऐकताना जास्त कळलं.

पौषात एक दिवस घोटच्या जंगलाकडून लालसू आला. बैलगाडीवर एक गंजलेली सायकल आडवी टाकली होती. पातळ नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची ती सायकल गावातल्या जुन्या लोकांनी लगेच ओळखली. ती पाद्रीसाहेबाची होती. हा म्हातारा फ्रान्सातून आलेला. जंगलात दवाखान्याची झोपडी घालून वीसेक वर्षं राहिला, आणि लालसू त्याचा स्वयंपाकी, दुभाष्या, सोबती, सगळं काही होता. तीन वर्षांपूर्वी साहेब थकून आपल्या देशी गेला आणि जाताना सायकल लालसूला देऊन गेला. ती गोठ्यात पडून सडली. आता लालसूला टोचणीवाल्या डॉक्टरच्या हाताखाली काम लागलं होतं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पटकीची लस टोचायची होती आणि त्याआधी गावोगाव सांगत फिरायचं होतं. त्याला सायकल हवी होती, आणि हीच हवी होती.

"रहीममिस्त्री कुठी हाय?" त्यानं विचारलं.

कय्यूमनं सांगितलं. लालसूनं सायकलच्या हँडलवरून एकदा हात फिरवला. मग सायकल उतरवून म्हणाला, की स्वस्तातलं सामान घाला, जुनं घाला, कुठलंही घाला, पण ती चालली पाहिजे.

शहजादीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि ओळखलं. ती चाकं तिनं बांधली होती. आठ-नऊ वर्षं झाली असतील. तिच्या सगळ्या कामात अवघड काम तेच.

दुसऱ्या दिवशी कय्यूमनं सायकल उलटी केली आणि पायडलच्या दांड्याची उजवीकडची, छर्रे बसतात ती वाटी खोलायला घेतली. आपल्याकडे येणाऱ्या इंग्रजी सायकलींची ती वाटी उलट्या आट्यांची असते. बाकी सगळं जग डावीकडे फिरवून खुलतं, ती उजवीकडे फिरवून. दहा वर्षं काम केलेल्या मिस्त्रीच्या मनगटात हे बसलेलंच असतं, आणि कय्यूमही दुकानात आल्यापासून ते शिकला होता. कय्यूमनं पाना लावला आणि उजवीकडे जोर दिला.

शहजादीला माहीत होतं. रहीमनं ही सायकल खोलली तेव्हा जेवताना हसत हसत सांगितलं होतं, की फ्रान्सवाल्यानं दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्याच केल्यात, आपण इंग्रजासारखी फिरवली असती तर फुटली असती. आणि आता कय्यूम तसंच फिरवत होता. वाटी खुलत नव्हती, आणखी आवळत होती. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. पण बाहेर फळीवर दोघं बसले होते. इद्दतमधल्या बाईनं पडद्याआडून मिस्त्रीला पाना कुठं फिरवायचा ते सांगायचं, तर मग तिला ते कसं माहीत, हेही सांगायला लागणार. तिचे ओठ हलले. तेवढ्यात कय्यूमनं पान्याला नळी लावून लोंबकळल्यासारखा जोर दिला आणि कट्कन आवाज झाला. वाटीचा काठ तुटला होता.

त्या मापाची वाटी नागपुरातही मिळाली नसती. कय्यूम कपाळाला हात लावून बसला. शहजादी आत भिंतीला टेकून बसली. ती वाटी कय्यूमनं नाही, आपण फोडली, असं तिला वाटलं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

त्यावर तोड लालसूनंच काढली. बाजाराच्या दिवशी आला, वाटी बघितली, नळीत बोट घालून माप घेतलं आणि पुढच्या बाजाराला वाट्यांच्या जागी बसतील अशा तिवसाच्या लाकडाच्या दोन बुशी कोरून आणल्या. बैलगाडीची चाकं ज्या लाकडाची करतात तेच लाकूड, आठ दिवस मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात मुरवलेलं. कय्यूमनं आधी नाक मुरडलं, मग ठोकून बसवल्या. मधला दांडा त्यात लोण्यात फिरावा तसा फिरला. ब्रेकला ट्रकच्या टायरचे तुकडे कापून लावले, सीटचं चामडं डोमा चांभारानं नवं शिवलं. राहिली चाकं. त्यांच्या रिमा गंजून पापुद्रे सुटले होते.

कय्यूमनं आरे मोजले आणि पुन्हा मोजले. मागच्या रिमेला भोकं चाळीस, आरे छत्तीस. पुढच्या रिमेलाही भोकं चाळीस, आरे छत्तीसच. दर नऊ आऱ्यांनंतर एक भोक रिकामं.

"अरे, दादानं तं साहेबाले गंडवलं," तो फळीवरच्या मंडळींना म्हणाला. "चाकामागं चार आरे मारले."

तो सहज बोलून गेला. भावावर त्याचा राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. पण फळीवर गुणवंतराव बसले होते. गुणवंतराव म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमास्तर, आणि पत्रं वाटायची सवय अजून सुटलेली नव्हती. बातमी बाजारभर झाली. त्या आठवड्यात चामोर्शीत जो तो आपली सायकल उन्हात उभी करून आरे मोजत होता. पुढं बत्तीस, मागं चाळीस, सगळ्यांचे पुरे भरले. मग गावानं निकाल दिला, की रहीमनं आपल्या माणसाला फसवलं नाही, फक्त परक्याला फसवलं. काही जणांना तर त्यात अभिमानही वाटला.

शहजादी दोन दिवस जेवली नाही. आयुष्यात ज्या माणसानं कोणाची छर्ऱ्याची गोळीसुद्धा ठेवून घेतली नाही, त्याला लोक हसत हसत चोर म्हणत होते. तेही तिच्या चाकावरून, तिनं सर्वांत जीव ओतून बांधलेल्या चाकावरून. आता गप्प राहिलं तर त्याचं नाव जाणार होतं. बोललं तरी त्याचंच नाव जाणार होतं. दोहोंतलं कोणतं वाचवायचं, हे तिला कळेना, आणि विचारायला घरात कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर कोणी नाही असं पाहून ती पडद्याजवळ येऊन बसली.

"कय्यूमभाई, त्या चाकाच्या मधातल्या हबचे भोकं मोजा."

कय्यूम दचकला. अडीच महिन्यांत भाभी मीठ-तेलाशिवाय काही बोलली नव्हती. त्यानं मोजली. अठरा आणि अठरा, छत्तीस. शहजादीनं सांगितलं, की फ्रान्सच्या हबला छत्तीसच भोकं असतात, आणि आपल्याकडे रिम मिळते ती बत्तीसची नाहीतर चाळीसची. छत्तीसची मिळतच नाही. म्हणून चाळीसच्या दोन रिमा घेऊन दर नऊनंतर एक भोक सोडलं. चोरी नाही, हिशेब आहे.

कय्यूमचा चेहरा उतरला. भाभीला हे कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं.

"ते सांगत होते," शहजादी म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. आणि हे सांगताना तिला वाटलं, चला, सुटले. त्याचं नावही राहिलं आणि आपलं तोंडही बंद राहिलं.

कय्यूमनं भल्या माणसासारखं सगळ्या बाजाराला सांगितलं, की मीच चुकलो, दादाची करामत मला कळली नाही. गुणवंतरावांनी ही बातमीही पोचवली, पण पहिलीएवढ्या लांब ती गेली नाही. मग कय्यूमनं चांद्याहून चाळीस भोकांच्या दोन साध्या रिमा मागवल्या आणि चाक बांधायला बसला. चार दिवस बसला. भोक सोडलं की आऱ्यांची लांबी चुकायची, लांबी जुळवली की चाक अंड्यासारखं व्हायचं. शिवरात्र आठवड्यावर आली. पाचव्या दिवशी त्यानं आरे सोडून टाकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, की लालसूला सायकल परत देतो, दादाची ही विद्या दादाबरोबर गेली.

हे वाक्य शहजादीनं त्या हिवाळ्यात निदान पन्नास वेळा ऐकलं होतं. या वेळी मात्र ते तिला सोसलं नाही. ही सायकल परत गेली असती, तर ती पुन्हा गोठ्यात सडली असती, आणि तिच्या हातचं जे एकच काम तिला स्वतःला मोठं वाटत होतं, ते जगातून पुसलं गेलं असतं.

"चाक आत सरकवा," ती म्हणाली. "आरे बी द्या."

कय्यूमनं काही न विचारता सामान पडद्याखालून आत सरकवलं. शहजादीनं पेटीतून आपली चावी काढली. आरे आवळायची ती लहानशी पितळी चावी याच सायकलीबरोबर आली होती. साहेबाला नको होती म्हणून दिली, असं रहीम तेव्हा म्हणाला होता. मग दुपारभर कय्यूम बाहेर बसून आतला आवाज ऐकत होता. टिंग. टिंग. मधेच थांबायचं, चावीची कुरकुर व्हायची, पुन्हा टिंग. हळूहळू सगळ्या तारा एका सुरात यायला लागल्या. उन्हं उतरली तेव्हा पहिलं चाक पडद्याखालून बाहेर आलं. कय्यूमनं ते दांड्यावर लटकवून फिरवलं आणि किती तरी वेळ ते थांबायची वाट बघत उभा राहिला.

"दादाच्या नावावरचे बाकीचे चाकं?" त्यानं विचारलं.

"तेई."

"सगळे?"

"सगळे," शहजादी म्हणाली. नऊ शेरांचं ओझं उतरवावं तसं तिला वाटेल असा तिचा समज होता. तसं काही झालं नाही. कय्यूम आता आपल्या भावाबद्दल काय विचार करत असेल, या काळजीत तिनं दुसऱ्या चाकाचे आरे ओवायला घेतले.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी लालसू आला. काळी रंगवलेली सायकल दुकानापुढं उभी होती. त्यानं आधी मोहाच्या तेलाचा वास घेतला, मग पुढचं चाक उचलून फिरवलं. चाक थांबल्यावर बोटानं चाचपून एकेक रिकामं भोक मोजलं, चार.

"हे कोणं बांधलं?"

कय्यूमनं पडद्याकडे बघितलं. "दादाचीच तऱ्हा हाय," तो म्हणाला.

"तऱ्हा त्या बाईची हाय," लालसू शांतपणे म्हणाला. "साहेबानं इचारलं होतं ना मिस्त्रीले. मी होतो तिथी."

मग त्यानं सांगितलं. रहीम सायकल पोचवायला स्वतः जंगलात गेला होता. साहेबानं चाक बघितलं, चार भोकं बघितली, बराच वेळ आरे वाजवून बघितले आणि विचारलं, की हे तू बांधलंस का. रहीम आधी हो म्हणाला. साहेब नुसता त्याच्याकडे बघत राहिला. तेव्हा रहीमनं मान खाली घातली आणि म्हणाला, की नाही, माझ्या घरच्या बाईनं. साहेबानं आपल्या थैलीतली पितळी चावी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, ही तिला दे, तिलाच दे, माझ्याकडून सांगून दे.

"देल्ली का नाई त्यानं?" लालसूनं विचारलं.

पडद्यामागं चावी शहजादीच्या मुठीतच होती. ती नऊ वर्षं त्या चावीनं गावाची चाकं सरळ करत आली होती, आणि ती आपल्याला बक्षीस म्हणून आलेली आहे हे तिला आज कळत होतं. रहीमनं सांगितलं होतं. जगात एका माणसाला का होईना, पण खरं सांगितलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं पदर तोंडात धरला. आणि लगेच तितकाच रागही आला. परक्या मुलखातल्या म्हाताऱ्याला सांगू शकला, आणि मला नाही सांगितलं? साहेबाचा निरोप मला दिला असता तर काय झालं असतं? कदाचित मी म्हटलं असतं, आता गावालाही सांगा. कदाचित त्यालाच त्याची भीती वाटली असेल. तिला त्याच्याशी कडकडून भांडायचं होतं. चौदा वर्षांच्या संसारात भांडली नव्हती इतकं भांडायचं होतं, आणि भांडायला माणूस नव्हता. तेव्हा ती रडली. इद्दतच्या तीन महिन्यांत आयाबाया येऊन तिला रडवायचा प्रयत्न करून गेल्या होत्या, तेव्हा ती अशी रडली नव्हती.

लालसू सायकल घेऊन गेल्यावर कय्यूम पडद्याशी पाठ करून बसला. लोकांना आता काय सांगू, असं त्यानं विचारलं. भाभी म्हणत असेल तर उद्याच फळीवर उभं राहून सांगतो, दादाची लाज धरणार नाही.

शहजादीनं डोळे पुसले.

"कोणी इचारलं, का हे चाक कोणं बांधलं, तं खरं सांगा," ती म्हणाली. "नाई इचारलं तं सांगू नका. त्याईनंही तसंच केलं."

इद्दत संपली. कय्यूमनं बल्लारशाहून बायकोला आणलं, शेजारी वेगळी खोली बांधली आणि तिथंच राहिला. चाकं दुपारी पडद्याआड जायची आणि उन्हं उतरली की बाहेर यायची. गावानं थोडे दिवस वाट बघितली, मग ठरवून टाकलं, की कय्यूमचा हात अगदी भावासारखा बसला, रक्ताचा गुण दुसरं काय. कय्यूम हे ऐकून प्रत्येक वेळी समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा, अजून काही विचारेल म्हणून. लोक चाक बोटानं फिरवून बघत, मान डोलवत आणि निघून जात.

दर शिवरात्रीला लालसू जत्रेला जाताना दुकानापाशी सायकल थांबवायचा, पडद्याकडे तोंड करून "चाक बरं हाय बाई" एवढं म्हणायचा आणि जायचा. शहजादी बारा वर्षं आणखी जगली. त्या बारा वर्षांत तिच्या हातून किती चाकं गेली, त्याची गणती नाही. विचारलं मात्र कोणीच नाही.